घराचे नैसर्गिक रंग : त्यांचा टिकाऊपणा व निगा

गांवाच्या जमिनीचे आपल्या पूर्वजांनीं दोन भाग मानले : काळी आणि पांढरी. काळींत पीक, पांढरींत वस्ती. काळीची मशागत दरसाल करावी लागते, हें कोणा शेतकऱ्यास शिकवावें लागत नाहीं. एकदां नांगरलेलें शेत दहा वर्षें पुरेल असें कोणी सांगूं लागला तर आपण त्यास हंसूं. पण पांढरींतील घराविषयीं मात्र हेंच बोलणें आपण आतां गंभीरपणें ऐकूं लागलों आहों. "एकदां हा रंग लावा आणि दहा वर्षें भिंतीकडे पाहूं नका," असें दुकानांत सांगण्यांत येतें, आणि मातीचीं व दगडचुन्याचीं जुनीं घरें डबाबंद रंगांनीं लिंपून टाकण्यांत येतात. दोन-तीन पावसाळे जातात. मग रंगाखालीं फोड उठतात, पोपडे सुटतात, आणि पोपड्याबरोबर भिंतीची मातीहि सुटून हातांत येते. आजोबांच्या वेळची भिंत नातवाच्या हौशीनें खचते.

या अनुभवामुळें पुष्कळ शेतकरी पुन्हां चुना, काव, पिवडी व शेणमाती यांजकडे वळूं पाहतात. त्यांच्या मनांत दोन शंका असतात. एक, हे रंग टिकत नाहींत. दुसरी, त्यांच्यामागें सारखें लागावें लागतें. दुसरी शंका बरीचशी खरी आहे व ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. पहिली मात्र 'टिकणें' या शब्दाचा अर्थ आपण काय घेतों यावर अवलंबून आहे. कोणता रंग कोठें टिकतो, कशानें बिघडतो व त्याची निगा कशी ठेवावी, याचा क्रमानें विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

टिकणें कशास म्हणावें

रंगविलेल्या भिंतींत तीन वस्तू असतात : रंग देणारी पूड, ती धरून ठेवणारें बंधक, आणि या दोहोंस पाठीवर घेणारी भिंत. रंग 'गेला' असें आपण म्हणतों तेव्हां या तिहींपैकीं नेमकें काय गेलें तें आधीं पाहिलें पाहिजे.

पुडीचा विचार केला तर काव, गेरू व पिवडी यांच्याइतक्या टिकाऊ पुडी थोड्याच आहेत. त्या लोखंडाच्या गंजापासून झालेल्या माती होत. जो गंज चढायचा तो चढून चुकला असल्यामुळें उन्हाचें त्यांजपुढें कांहीं चालत नाहीं. याच्या उलट हळद, पळसाचीं फुलें वगैरे वनस्पतींचे रंग उन्हानें उडतात. शिवाय चुन्याशीं त्यांचें जुळेलच असें नाहीं. हळदींत चुना मिसळला कीं तांबडा रंग होतो हें घरोघरच्या बायकांस ठाऊक आहे. कुंकू त्यापासूनच होतें. तेव्हां पिवळी भिंत हवी असेल तर हळदीच्या नादीं न लागतां पिवडी घ्यावी.

मातीच्या रंगांचें आयुष्य किती असतें याची साक्ष आपल्याच प्रांतांत आहे. अजिंठ्याचीं चित्रें मातीच्या गिलाव्यावर आहेत. कातळावर माती, भाताचें तूस व वनस्पतींचे तंतु मिसळून थर दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात दिला, आणि त्यावर बहुतांशीं गेरू, पिवडी, हिरवी माती व काजळी यांसारख्या रंगांनीं चित्रें काढलीं. त्यांतील बरींचशीं चित्रें पांचव्या शतकाच्या सुमाराचीं व कांहीं त्याहूनहि पुष्कळ जुनीं आहेत. त्यांचें नुकसान झालें तें मुख्यतः झिरपणाऱ्या पाण्यानें, किडींनीं व माणसांनीं. इ. स. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनें बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं चित्रांच्या रक्षणार्थ लाखेचें रोगण वापरलें. हेतु चांगला होता, परंतु तें रोगण पुढें पिवळें व काळसर पडलें आणि पुढच्या पिढ्यांस तें मोठ्या कष्टानें काढावें लागलें. रक्षणासाठीं वरून चढविलेलें आवरणच कालांतरानें ओझें होऊं शकतें, हें यावरून शिकण्यासारखें आहे.

आतां भिंतीकडे वळूं. मातीची, विटेची किंवा चिऱ्याची भिंत जमिनींतील ओल वातीप्रमाणें वर ओढते. ही ओल भिंतीच्या तोंडावाटे उडून जाते तोंवर भिंत सुखरूप असते. तें तोंड तेलाच्या रंगानें, प्लास्टिकच्या रंगानें किंवा सिमेंटच्या गिलाव्यानें बंद केलें, कीं ओल आंत कोंडते व अधिक उंच चढते. तिच्याबरोबर जमिनींतील क्षार येतात. रंगाच्या पडद्यामागें त्यांचे खडे धरतात, फुगतात, आणि पडद्यास व मागच्या मातीस ढकलून देतात. यालाच आपण लोणा लागला म्हणतों. चुना व मातीचे रंग हें तोंड उघडें ठेवतात. क्षार आले तरी ते वरच्या पातळ थरांत येतात, थर झडतो, आणि पुढच्या वर्षीं नवा हात दिला कीं काम भागतें.

एवढ्यावरून आमचें म्हणणें लक्षांत येईल. नैसर्गिक रंग हा भिंतीचा अंगरखा आहे. तो झिजण्यासाठींच असतो. रंग झिजावा, भिंत झिजूं नये. ज्या रंगानें भिंत पन्नास वर्षें राखली तो दरसाल थोडा झिजला तरी टिकाऊच म्हटला पाहिजे. आणि जो स्वतः आठ वर्षें चकाकत राहून आंतली भिंत पोखरतो त्यास टिकाऊ कसें म्हणावें?

चुना

चुनखडी, किंवा कोंकण-गोमंतकांत समुद्रकांठचे शिंपले, भट्टींत सुमारें ९०० अंश सेल्सियसवर भाजले म्हणजे त्यांतील कार्बन डायऑक्साइड वायु निघून जातो व चुनकळी राहते. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून ५६ किलो चुनकळी मिळते. तीस १८ किलो पाणी मिळालें कीं ७४ किलो विरलेला चुना होतो. भिंतीवर चढल्यानंतर हा चुना हवेंतील तोच वायु पुन्हां घेऊं लागतो आणि त्याचा फिरून दगड बनतो. चुना वाळतो असें आपण म्हणतों, पण खरोखर तो पिकतो. आणि पिकण्यास त्यास ओलावा लागतो. भर उन्हांत, तापलेल्या कोरड्या भिंतीवर दिलेला हात तासाभरांत वाळतो पण पिकत नाहीं. अशा भिंतीस हात लावला कीं तळवा पांढरा होतो. 'चुना हाताला लागतो' ही जी तक्रार आपण नेहमीं ऐकतों तिचें मूळ चुन्यांत नसून असल्या घाईंत असतें.

म्हणून चुन्याचें काम चैत्र-वैशाखांत काढूं नये. पाऊस उघडून भिंती वरून सुकल्या, हवेंत अजून गारवा व ओलावा आहे, असा आश्विनांतील काळ उत्तम. घटस्थापनेपूर्वी किंवा दिवाळीपूर्वी घरें रंगविण्याची आपली चाल या दृष्टीनें अगदीं बरोबर आहे.

चुनकळी घेतांना ढेपा पाहून घ्यावी. जी आधींच भुगा झाली आहे ती हवेनें मेलेली समजावी. चांगली कळी पाण्यांत पडतांच कढते, फुटते व फुगते. कळी पाण्यांत थोडी थोडी टाकावी. कळीवर एकदम पाणी ओतूं नये, कारण उकळता चुना अंगावर उडतो. भांडें लोखंडी पिंपाचें असावें. ॲल्युमिनियमचें नसावें, कारण चुना तें खातो. विरवतांना मुलेंबाळें व गुरें दूर ठेवावीं आणि डोळ्यांवर चष्मा असावा. डोळ्यांत चुना गेल्यास चोळूं नये; ताबडतोब पुष्कळ वेळ स्वच्छ पाण्याची धार धरावी व लगेच डॉक्टरांकडे जावें. चुना नैसर्गिक आहे म्हणून तो निरुपद्रवी आहे असें नाहीं.

प्रमाणाविषयीं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याची रीत घरच्या कामासहि चालण्यासारखी आहे. एक किलो चुनकळीस सुमारें ५ लिटर पाणी घेऊन पातळ साय होईल असें ढवळावें, २४ तास राहूं द्यावें व जाड्याभरड्या कापडांतून गाळावें. मग दर १० लिटर निवळीस ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यांत विरघळवून घालावा. शुभ्रपणासाठीं किलोस ३ ग्रॅमपर्यंत नीळ पुरे होते. अधिक घातल्यास भिंत निळसर दिसते. डिंक वाढविल्यानें रंग अधिक धरेल अशी पुष्कळांची समजूत आहे; परंतु तसें केल्यास थर पापुद्र्यासारखा सुटतो व ओलीच्या जागीं बुरशीस खाद्य मिळतें. मीठ घालण्याचीहि एक रीत आहे, कारण मीठ ओल धरून ठेवतें व चुना पिकण्यास मदत करतें. तथापि ज्या भिंतीस लोणा लागतो त्या भिंतीस बाहेरून आणखी क्षार देणें शहाणपणाचें नाहीं. तेथें भिंत आधीं पाण्यानें भिजवून घेणें हाच चांगला मार्ग.

हात द्यावयाचा तो पातळ द्यावा. दुधाइतकें पातळ दिसलें तरी घाबरूं नये. लावतांना चुना पारदर्शक दिसतो व पिकतांना पांढरा होतो. नव्या भिंतीस तीन हात, चांगल्या स्थितींतील जुन्या भिंतीस एक किंवा दोन. कुंचा एकदां वरून खालीं व लगेच खालून वर, मग उजवीकडून व डावीकडून आडवा फिरवावा. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देऊं नये, आणि दुसऱ्यापूर्वीं भिंतीवर पाण्याचा हलका शिपका द्यावा. तीन पातळ हात मिळून जी भिंत होते तिची सर एका जाड हातास येत नाहीं. जाड चुना तडकतो व खपलीनें पडतो.

असा दिलेला चुना घराच्या आंत, कोरड्या जागीं, कित्येक वर्षें चांगला राहतो. पावसाच्या माऱ्यांतील बाहेरच्या भिंतीस मात्र वर्षाआड, आणि कोंकणासारख्या ठिकाणीं दरसाल, हात द्यावा लागतो. गोठ्यास दरसाल द्यावाच. ताजा चुना तीव्र असल्यानें बुरशी व जंतु यांस आळा बसतो. हा गुण चुना पिकला कीं उरत नाहीं, म्हणून तो नव्या हातानें पुन्हां आणावा लागतो. हात पूर्ण वाळेपर्यंत गुरें आंत बांधूं नयेत, कारण तीं भिंत चाटतात.

काव, पिवडी व शेणमाती

चुन्यांत रंग मिळवावयाचा तर मातीचीच पूड घ्यावी, आणि तिचें वजन चुन्याच्या दशांशाहून अधिक नसावें. त्यापुढें चुन्याच्या अंगीं पूड धरून ठेवण्याची ताकद राहत नाहीं व रंग कपड्यांस लागतो. पूड रात्रभर पाण्यांत भिजवून मग मिसळावी, नाहींतर भिंतीवर रेघा उमटतात. एका भिंतीस पुरेल एवढा रंग एकदमच कालवावा. दुसऱ्या खेपेस तीच छटा साधत नाहीं. वाळल्यावर रंग पुष्कळ फिका होतो, तेव्हां कोपऱ्यांत हातभर जागा रंगवून दुसऱ्या दिवशीं पाहावी व मगच पुढें जावें.

मातीच्या भिंतीवर चुना दगडाच्या भिंतीइतका घट्ट बसत नाहीं, कारण मातीशीं त्याचा जीव तसा एक होत नाहीं. अशा भिंतीस शेणमातीचा लेप व त्यावर पांढऱ्या मातीचें किंवा कावेचें पोतेरें ही जुनी रीतच अधिक सोयीची. शेणांतील बारीक काडी मातीस दोऱ्याप्रमाणें बांधते, त्यामुळें लेपास भेगा कमी पडतात. माती नुसती चिकण असेल तर ती तडकते व नुसती वाळूची असेल तर झडते. मूठभर ओल्या मातीची गोळी करून वाळवून पाहिली कीं वाळू मिसळावी कीं चिकण, हें कळतें. हा लेप पाण्यांत टिकत नाहीं हें उघड आहे. त्याचें रक्षण रुंद वळचणीनें व उंच जोत्यानें होतें. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. शेणांत धनुर्वाताचे जंतु असूं शकतात. म्हणून उघड्या जखमेस, व बाळंतिणीच्या खोलींत बाळाच्या नाळेस, शेणाचा किंवा शेणाच्या हाताचा स्पर्श होऊं देऊं नये.

ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील वारली लोक शेणानें सारवलेल्या, गेरूनें तांबड्या केलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें लग्नाचा चौक लिहितात. तें पांढरें पीठ फार दिवस राहत नाहीं, व राहावें अशी अपेक्षाहि नसते; पुढच्या लग्नाला भिंत पुन्हां सारवून चौक नवा लिहावयाचा असतो. भिंतीची दुरुस्ती व घरचें मंगलकार्य यांची अशी सांगड असली म्हणजे निगेचा भार वाटत नाहीं.

भिंतीच्या तळाशीं हात-दीड हात उंचीचा कावेचा पट्टा काढण्याची जी चाल आपल्याकडे आहे ती केवळ शोभेची नव्हे. पागोळ्यांचे शिंतोडे, झाडूचे फटकारे व जमिनीची ओल यांचा मारा याच पट्ट्यावर होतो. तो वेगळा असल्यानें सबंध भिंत न काढतां तेवढाच पट्टा अर्ध्या दिवसांत नवा करतां येतो.

दुधाचा रंग व जवसाचें तेल

घरांत हाताला मुळींच न लागणारी भिंत हवी असेल तर साय काढलेल्या दुधाचा उपयोग होतो. दूध फाडून, पाणी गाळून राहिलेला मऊ चोथा ५ भाग व जुन्या चुन्याचा लगदा १ भाग घोटला म्हणजे चिकट खळ तयार होते. ती पाण्यानें पातळ करून त्यांत भिजविलेली पूड मिसळावी. हा रंग कठीण होतो व वाळल्यावर पुसला तरी सहसा निघत नाहीं. त्याचे दोष दोन. तो नासतो, म्हणून त्याच दिवशीं संपवावा लागतो. आणि ओलीच्या जागीं त्यास बुरा येतो, कारण दूध हें शेवटीं खाद्यच आहे. ओटी, माजघर, देवघर येथें तो शोभतो. न्हाणीघरांत लावूं नये.

लांकडासाठीं मात्र जवसाच्या तेलासारखें दुसरें घरगुती साधन नाहीं. विदर्भांत जवस पुष्कळांच्या शेतांत होतो. हें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें. त्यामुळें तें लांकडांत मुरून बसतें. खोबरेल किंवा शेंगदाण्याचें तेल असें बसत नाहीं. कच्चें तेल वाळण्यास दिवस लागतात. उकळलेलें लवकर वाळतें. दारें, चौकटी, खांब यांस तेल अगदीं पातळ चोळावें, अर्ध्या तासानें वर राहिलेलें पुसून काढावें, आणि पुरतें वाळल्यावर दुसरा हात द्यावा. तेल पुसलें नाहीं तर तें चिकट राहून धूळ धरतें. तेलांत थोडी काव मिसळल्यास बाहेरच्या लांकडाचें उन्हापासून अधिक रक्षण होतें. येथें एक धोक्याची सूचना अवश्य लक्षांत ठेवावी. जवसाच्या तेलाचे बोळे ढीग करून टाकले तर आंतल्या आंत तापून आपोआप पेट घेतात. ते पाण्यांत भिजवून किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवावे. कडब्याच्या गंजीजवळ तर कधींच टाकूं नयेत.

बाजारांतील 'नैसर्गिक' रंग

आतां तयार डब्यांवरहि 'नैसर्गिक' हा शब्द दिसूं लागला आहे. खादी व ग्रामोद्योग आयोगानें इ. स. २०२१ च्या जानेवारींत शेणापासून केलेला 'प्राकृतिक पेंट' विक्रीस आणला. जयपूर येथील कुमारप्पा राष्ट्रीय हातकागद संस्थेंत तो सिद्ध झाला, व तो डिस्टेंपर आणि इमल्शन अशा दोन रूपांत मिळतो. शेणास मोल येतें ही गोष्ट शेतकऱ्यास आनंदाचीच. परंतु असा रंग म्हणजे घरचें सारवण नव्हे; तो कारखान्यांत बंधक वगैरे मिसळून केलेला रंग आहे. म्हणून कोणताहि तयार रंग घेतांना त्याचें बंधक काय, तो मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीवर चालतो काय, आणि त्यावर पुढें चुना धरेल काय, हे तीन प्रश्न विचारावे. उत्तर न मिळाल्यास एका कोपऱ्यांत लावून एक पावसाळा वाट पाहावी.

जुनें तें सगळें चांगलें, असाहि समज नसावा. हरताळांत सोमल आहे, हिंगुळांत पारा आहे, शेंदरांत शिसें आहे. हे रंग मोठे देखणे व जुने आहेत. पण घराच्या भिंतीवर त्यांस जागा नाहीं. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावें असा केंद्र सरकारचा इ. स. २०१६ चा नियम आहे व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. त्यापूर्वींच्या तेलरंगांत शिसें असण्याचा संभव आहे. असे दार-खिडक्यांवरचे रंग कोरडे घांसून धूळ उडवूं नये. ओलें करून खरडावें, खरवड गोळा करावी, व मुलांस तेथें फिरकूं देऊं नये.

वर्षाची निगा

भिंतीवर आधीं कोणता रंग आहे हें कळण्याची युक्ति सोपी आहे. पाण्याचा थेंब टाकावा. तो लगेच मुरला तर भिंत उघडी आहे व तिच्यावर चुना बसेल. तो ओघळून गेला तर वर तेल किंवा प्लास्टिक आहे. तें खरडून काढल्याविना चुना लावणें म्हणजे पैसा व श्रम वायां घालविणें होय. सरस-डिंकाचा जुना डिस्टेंपर असल्यास तोहि धुवून काढावा. लोणा लागलेली जागा कोरड्या कुंच्यानें झाडून घ्यावी. ती धुतली तर क्षार पाण्याबरोबर पुन्हां आंत जातात.

रोजच्या वापरांत भिंत मऊ झाडूनें झाडावी. साबण व ओलें फडकें वापरूं नये. चिंच, लिंबू किंवा न्हाणीघर धुण्याचें अम्ल चुन्यास खातें, तें भिंतीपासून दूर ठेवावें. तेलाचा डाग पडल्यास तेवढी जागा खरडून भिजवावी व हात द्यावा. स्वयंपाकघरांतील काजळी आधीं पुरती झाडून खरडल्याशिवाय वर चुना दिला तर दोन दिवसांत तपकिरी डाग वर येतात. पुष्कळ वर्षांचे थर साचून भिंतीवर खपल्या दिसूं लागल्या, तर त्या खरडून पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावी. सुटलेल्या खपलीवर दिलेला हात खपलीबरोबरच पडतो.

वर्षाचा क्रम थोडक्यांत असा ठेवावा. वैशाखांत कौलें चाळून घ्यावीं, वळचण नीट करावी व बाहेरच्या लांकडास तेलाचा एक हात द्यावा. मृगापूर्वीं भिंतींच्या भेगा मातीनें बुजवाव्या, जोत्यालगतची चर मोकळी करावी, आणि कोंकणांत पावसाच्या तोंडच्या भिंतीस झांपांच्या झडी बांधाव्या. आषाढ-श्रावणांत भिंतीस रंग लावूं नये. फक्त ओल कोठें उठते हें पाहून त्या जागीं खूण करून ठेवावी. भाद्रपद संपतांना त्या खुणांचें कारण शोधावें : फुटकें कौल, बुजलेली चर, कीं भिंतीशीं टेकलेला शेणखताचा ढीग. कारण दूर केल्यावांचून रंग लावूं नये. आश्विनांत चुन्याचा हात व तळाचा पट्टा. या क्रमांत रंगाचें काम शेवटीं येतें. त्याच्या आधींची चार कामें झालीं असतील तर तो एक हात पुष्कळ दिवस टिकतो, आणि तीं झालीं नसतील तर कोणताहि रंग टिकणार नाहीं.

या सर्वांस वर्षांतून चार-सहा दिवस व घरचींच माणसें लागतात, आणि सामान म्हणाल तर चुना, माती, शेण व थोडें तेल. हे दिवस वांचविण्यासाठीं म्हणून एकदम मोठी रक्कम रंगाच्या डब्यांस देण्यापूर्वीं, आपली भिंत कशाची आहे व ती श्वास कोठून घेते, हें प्रत्येकानें एकदां पाहून घ्यावें. नव्या सिमेंटच्या घरास वाटेल तो रंग लावला तरी बहुधा निभावेल. पण वाडवडिलांच्या माती-दगडाच्या घरास दहा वर्षें निगेवांचून राहण्याची संवय नाहीं, व ती लावण्याचा प्रयत्न त्यास मानवत नाहीं. येत्या आश्विनांत सभासदांनीं निदान एक भिंत वरील रीतीनें करून पाहावी. पुढील पावसाळ्यांत ती कशी राहिली हें त्यांनीं कळविल्यास तो अनुभव आम्ही इतर वाचकांपुढें आनंदानें ठेवूं.